निमिषातला कर्ता

मनुष्याच्या हातून जे घडते ते त्याने केले, असे आपण सर्वजण धरून चालतो. प्रथम मनात संकल्प उठतो, संकल्पातून आज्ञा निघते आणि हात ती आज्ञा बजावतो. शाळेतील शिक्षेपासून न्यायासनाने दिलेल्या शिक्षेपर्यंत आपला सारा नैतिक व्यवहार ह्या एका क्रमावर उभा आहे. हात संथ चालत असतो तोपर्यंत ह्या क्रमाविषयी शंका घेण्याचे कारण पडत नाही. देवापुढे समई लावणारी गृहिणी किंवा पाकिटावर पत्ता लिहिणारा मनुष्य आपण काय करीत आहोत हे जाणून ते करीत असतो. परंतु हाताला जेव्हा अतिशय वेगाने आणि न थांबता चालावे लागते, तेव्हा हा क्रम टिकत नाही. तबलजीची बोटे, टंकलेखकाची बोटे, फलंदाजाची बॅट, पत्रा कापणाऱ्या यंत्रापुढील कामगाराचा हात, ही सर्व मनाच्या पुढे निघून गेलेली असतात. मन मागाहून येते आणि झालेल्या कृत्यावर आपले नाव घालते. ही स्थिती खरी असेल तर अशा कृत्याचा कर्ता कोणास म्हणावे, आणि त्यात हानी झाल्यास दोष कोणाच्या पदरी घालावा, ह्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही शरीरशास्त्रज्ञ नाही, आणि दर्शनशास्त्राचे अधिकारी तर नाहीच नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करावी, संध्याकाळी मेट्रोने राजाजीनगरास उतरून घरी यावे, असा आमचा नित्यक्रम. परंतु ज्या वसाहतीत आमचे बिऱ्हाड आहे, तिच्या औद्योगिक भागातील काही गल्ल्यांतून यंत्रांचा ठेका अजूनही रस्त्यावर ऐकू येतो, आणि कामगार विम्याचे मोठे रुग्णालयही ह्याच वसाहतीत आहे. त्या ठेक्याचा आणि त्या रुग्णालयाचा काही संबंध असावा, हे मनात आल्यावाचून राहत नाही. प्रस्तुत प्रश्न आम्हांस केवळ पुस्तकी वाटत नाही तो ह्यामुळेच.

विचाराला काळ लागतो ही गोष्ट युरोपातही फार उशिरा ध्यानात आली. मनाची आज्ञा हातापर्यंत जणू तत्क्षणी पोचते आणि तिचा वेग मोजणे मनुष्याच्या आवाक्यातले नाही, असे योहानेस म्यूलरसारखा थोर शरीरशास्त्रज्ञ मानीत असे. त्याच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो वेग मोजला, आणि तो निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर; म्हणजे एखाद्या वेगवान मेलगाडीइतका. ज्याला विजेची उपमा द्यावयाची ते आगगाडीच्या गतीने चालते! माणसाच्या काही मज्जातंतूंत हा वेग ह्याहून बराच अधिक असतो. पण खरा वेळ प्रवासात जातच नाही, तो मुक्कामी जातो. दिवा लागताच बोट उचलावे एवढेच काम असले तरी निरोगी तरुण माणसास सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. आणि अनेक दिव्यांपैकी कोणता लागला हे ओळखून निरनिराळे बोट उचलावयाचे असेल, तर पर्यायांच्या संख्येबरोबर तो काळ वाढत जातो. आमच्या वाचकांस ह्यात नवल वाटू नये. टपाल एका दिवसात येते. निर्णय मेजावर अडतो.

ह्या मर्यादेपायी शिक्षा भोगणारा पहिला मनुष्य, योगायोगाने म्हणा, एक सरकारी साहाय्यकच होता. ग्रिनिचच्या वेधशाळेत राजज्योतिषी मॅस्केलिन ह्यांच्या हाताखाली डेव्हिड किनेब्रुक नावाचा तरुण काम करीत असे. दुर्बिणीतील तारेवरून नक्षत्र केव्हा सरकते हे डोळ्यांनी पाहावयाचे, त्याच वेळी घड्याळाचे ठोके कानांनी मोजावयाचे, आणि दोहोंचा मेळ घालून सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत वेळ लिहावयाची, अशी ती रीत होती. किनेब्रुकच्या नोंदी साहेबांच्या नोंदींहून मागे पडू लागल्या. त्यास ताकीद मिळाली; त्याने प्रयत्न केला; अंतर उलट वाढत जाऊन सेकंदाच्या आठ दशांशांपर्यंत गेले, आणि १७९६ मध्ये त्यास कामावरून दूर करण्यात आले. त्याने स्वतःची काही चुकीची पद्धत लावून घेतली असावी, असा ठपका ठेवण्यात आला. पुढे पाव शतकानंतर बेसेल नावाच्या जर्मन ज्योतिषाने हे प्रकरण वाचून इतर नामांकित वेधकांची तुलना केली, तेव्हा त्यांच्या-त्यांच्यातही एक सेकंदाहून अधिक अंतर आढळले. डोळा आणि कान ह्यांचा मेळ घालण्यास प्रत्येक मनास आपला आपला वेळ लागतो, आणि तो वेळ ताकीद देऊन कमी होत नाही. किनेब्रुक मात्र त्यापूर्वीच, १८०२ मध्ये, निवर्तला होता. साहेबांच्या डोळ्यांना आणि कानांनाही काही वेळ लागत असेल, ही शंका त्या वेधशाळेत कोणास आली नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते.

डोळा आणि कान ह्यांचा हा तंटा आपल्याकडील नैयायिकांस मात्र पुरता ठाऊक होता. न्यायदर्शनात मनाचे अस्तित्व सिद्ध करण्यास जे लक्षण दिले आहे ते हेच, की दोन ज्ञाने एका क्षणी उत्पन्न होत नाहीत. मन अणुपरिमाण आहे. ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जडते. ह्यावर प्रतिपक्षी विचारतो, की लांबलचक कुरकुरीत शष्कुली खाताना (वाचकांनी आपली चकली किंवा इकडील चक्कुली डोळ्यांपुढे आणावी) तिचे रूप, वास, चव, स्पर्श आणि दातांखालचा आवाज ही पाचही एकदम जाणवतात, त्याची वाट काय? नैयायिकाचे उत्तर असे, की ती एकदम जाणवत नाहीत. शंभर कमलपत्रे एकावर एक ठेवून सुईने भोसकली तर ती एकाच क्षणी भेदली गेली असे वाटते, पण सुई एकेका पानातूनच जात असते. पेटते कोलीत गरगर फिरविले की अग्नीचे चक्र दिसते, तो न्यायही इथलाच. कोलीत प्रत्येक क्षणी एकाच ठिकाणी असते. चक्र आपल्या दृष्टीच्या मंदपणामुळे पूर्ण होते.

गतीच्या बाबतीत ह्याच सिद्धान्तास यंत्रयुगाने दिलेला दुजोरा केंब्रिजचा तरुण मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक ह्याच्या लेखनात सापडतो. दुसऱ्या महायुद्धात तोफा चालविणाऱ्यांच्या हालचालींचा अभ्यास तेथे चालू होता. सरकते लक्ष्य धरून ठेवणाऱ्याचा हात वरवर पाहता अखंड फिरत असतो. क्रेकने दाखविले की तो अखंड नसतो. तो सेकंदास सुमारे दोन वेळा दुरुस्त होतो, आणि दोन दुरुस्त्यांच्या मधला काळ जणू आंधळा असतो. एका संकेताचे उत्तर सिद्ध होत असताना दुसरा संकेत आला तर त्यास दाराशी थांबावे लागते. क्रेक मे १९४५ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, सायकलवरून जाताना झालेल्या अपघातात गेला. त्याचे हे लेख त्याच्या मागे प्रसिद्ध झाले. म्हणजे हाताची अखंड गती हेदेखील एक अलातचक्रच ठरते.

मग प्रश्न येतो तो असा, की मन जर सेकंदास दोनच वेळा दार उघडीत असेल, तर तबलजीची बोटे त्याच सेकंदात दहा-बारा आघात कशी करतात? लॅशली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये हाच प्रश्न पियानोवादकांच्या संबंधात विचारला होता. त्यांची बोटे काही जागी सेकंदास सोळा वेळा हलतात; एक आघात झाल्याची वर्दी मेंदूस पोचून पुढच्याची आज्ञा निघावी एवढा अवकाशच तेथे नसतो. तेव्हा आज्ञा सुटी निघत नाही, माळच्या माळ आधी गुंफलेली असते, असा त्याचा निष्कर्ष. आपल्या गवयी-वादक मंडळींस हे सांगावयास नको. ‘तिरकिट’ हा लिहिताना चार अक्षरांचा बोल आहे. शिकाऊ मुलास ते चार आघात असतात, तयार हातास तो एक शब्द असतो. गुरू बोल आधी तोंडाने म्हणवून घेतो, विलंबित लयीत महिनोन्महिने घासून घेतो आणि मग दुगुन-चौगुन करू देतो, ती ह्या गुंफणीची शाळा होय. चौपट लयीत मन प्रत्येक आघातापाशी उभे राहू लागले तर हात अडखळतो. ते समेकडे पाहत पुढे बसलेले असते. वादन त्याचेच, ह्याविषयी शंका नाही. पण त्या क्षणीच्या आघाताचा कर्ता शोधावयाचा झाल्यास तो वीस वर्षांपूर्वीच्या पहाटेच्या रियाजात सापडेल.

आता आपल्या धंद्यातले उदाहरण घेऊ. नेमणुकीपूर्वी मिनिटाला पस्तीस इंग्रजी शब्दांची टंकलेखनाची परीक्षा दिलेले आपल्यापैकी पुष्कळ असतील. हा वेग म्हणजे सेकंदास सुमारे तीन कळा. चांगला टंकलेखक ह्याच्या दुप्पट जातो. म्हणजे दिवा पाहून बोट उचलण्यास जेवढा वेळ लागतो त्याहूनही थोड्या वेळात त्याचे एकेक अक्षर उमटते. रहस्य एवढेच, की त्याचे डोळे बोटांच्या पुढे काही अक्षरे चाललेले असतात. त्याला पुढचा मजकूर झाकून एका वेळी एकच अक्षर दाखविले, की त्याचा सारा वेग नाहीसा होतो आणि तो नवशिक्याप्रमाणे टिचक्या मारू लागतो. त्याच्या चुकाही मोठ्या बोलक्या असतात. शब्दात एखादे अक्षर लागोपाठ दोनदा यावयाचे असते, आणि दोनदा उमटते ते शेजारचे. ‘दोनदा’ हा हुकूम सुटला होता. तो कोणास लागू, एवढेच मार्गात बदलले.

ह्या विषयावरील एक प्रयोग आम्हांस फारच मार्मिक वाटतो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील लोगन आणि क्रंप ह्या दोघांनी तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. निष्णात टंकलेखक शब्द टाइप करीत असता संगणक मध्येच लबाडी करी. काही ठिकाणी टंकलेखकाची खरी चूक तो गुपचूप दुरुस्त करून पडद्यावर दाखवी. काही ठिकाणी बरोबर टाइप झालेल्या शब्दात स्वतः चूक घुसडी. मग टंकलेखकास विचारले, की हे कोणी केले? दुरुस्त झालेल्या शब्दांचे श्रेय त्यांनी पुष्कळदा स्वतःकडे घेतले, आणि घुसडलेल्या चुकांचा दोषही स्वतःकडे घेतला. जे पडद्यावर दिसले ते आपण केले, असे मन सांगत होते. बोटे मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली की पुढच्या कळेवर बोट किंचित मंदावे, मग पडद्यावर काहीही दिसो. आणि संगणकाने घुसडलेल्या चुकीनंतर ते मंदावत नसे.

सरकारी कचेरीत आयुष्य काढणाऱ्या माणसास ह्यात ओळखीची खूण दिसेल. वर अधिकारी आहे, खाली शाखा आहे. मसुदा शाखेत होतो, स्वाक्षरी वर होते. बाहेर गेलेले पत्र ज्याच्या सहीचे, त्याने ते लिहिले असे जग समजते आणि हळूहळू तो स्वतःही समजू लागतो. शाखेतील कारकुनास कोणता परिच्छेद कोणाचा, हे नेमके ठाऊक असते. परंतु त्यास कोणी विचारत नाही. आपण ज्याला ‘मी’ म्हणतो तो ह्या व्यवस्थेतील सही करणारा अधिकारी आहे, असे आम्हांस वाटते. हे म्हणण्यात त्याचा अधिक्षेप नाही. सही करणारा नसेल तर पत्र जात नाही, आणि शाखेत कोणती माणसे कशी तयार करावयाची हेही शेवटी त्याच्याच हाती असते. केवळ प्रत्येक ओळ आपण लिहिली हा त्याचा समज खोटा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव, आणि ह्या पाचांतून एकट्या स्वतःस कर्ता मानणाऱ्यास तेथे मंदबुद्धी ठरविले आहे. प्रयोगशाळेने त्या यादीत फारशी भर घातलेली नाही.

खेळाच्या मैदानावर हीच गोष्ट सर्वांच्या देखत घडते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आतच येतो. त्यातला पाचवा हिस्सा सेकंद तर केवळ पाहून हलण्यातच जावयाचा. इंग्लंडमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की टप्पा पडल्यावर चेंडूने अनपेक्षित वळण घेतले तर मुरलेल्या फलंदाजासही बॅट वळविण्यास सुमारे तेवढाच वेळ लागतो. त्याचे मज्जातंतू तुमच्या-आमच्याहून वेगळे नाहीत. पुढे २००० साली लँड आणि मॅक्लाउड ह्यांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा दिसले की चांगल्या फलंदाजाची नजर चेंडूच्या मागे धावत नाही. चेंडू जेथे पडणार तेथे ती आधीच जाऊन बसते. फिरकीचा चेंडू सावकाश येतो म्हणून तो सोपा असे समजू नये. फलंदाजापासून दोन मीटरवर तो पडला तर टप्प्यानंतर सेकंदाचा दहावा हिस्सा जेमतेम उरतो. तेवढ्यात पाहून खेळणे कोणास शक्य नाही.

हे मनात ठेवून आमच्या गावच्या चिन्नस्वामी मैदानावरील दोन प्रसंग पाहावेत. मार्च १९८७ मध्ये सुनील गावसकर ह्यांनी आपल्या अखेरच्या कसोटीतील अखेरचा डाव येथे खेळला. खेळपट्टी वाटेल तशी चेंडू वळवीत आणि उडवीत होती. त्यांनी ९६ धावा केल्या, भारत १६ धावांनी हरला, आणि त्या पराभवातील हा डाव अजून जाणकारांच्या तोंडी आहे. दुसरा प्रसंग त्याच्या पाच वर्षे आधीचा, १९८१-८२ च्या रणजी उपान्त्य सामन्यातला. मुंबईचा संघ कर्नाटकाच्या रघुराम भटांच्या डावऱ्या फिरकीपुढे कोसळला होता. चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर वळत होता. गावसकर दुसऱ्या डावात आले आणि भटांपुढे चक्क डावखुरे उभे राहिले! प्रेक्षकांस ही थट्टा वाटली असेल. आम्हांस ह्यात फार मोठा विचार दिसतो. टप्प्यानंतरच्या निमिषात अधिक चपळ होणे शक्य नाही, हे त्या माणसाने जाणले होते. म्हणून त्याने निमिषाशी झगडा केला नाही. त्याने चेंडू येण्यापूर्वी उभे राहण्याची बाजू बदलली, आणि दूर जाणारा चेंडू आत येणारा करून घेतला. आयुष्यभर कमावलेला उजवा हात बाजूस ठेवण्याची किंमत त्यासाठी त्याने दिली. कर्तृत्व म्हणून जे काही आहे ते अशा ठिकाणी असते. बॅट आणि चेंडू भेटतात त्या क्षणी ते बहुधा संपलेले असते.

ह्या चर्चेत बेंजामिन लिबेट ह्याच्या १९८३ च्या प्रयोगाचा दाखला हटकून दिला जातो. इच्छा होईल तेव्हा मनगट हलवा, असे सांगून त्याने लोकांच्या मेंदूतील विद्युत्प्रवाह नोंदविले. हालचालीपूर्वी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत तयारी सुरू झालेली दिसे, आणि ‘मला इच्छा झाली’ असे मनुष्य ज्या क्षणाविषयी सांगे तो हालचालीच्या केवळ पंचमांश सेकंद आधीचा असे. ह्यावरून इच्छास्वातंत्र्य संपले असा डांगोरा पुष्कळांनी पिटला. आम्हांस तो उतावीळपणा वाटतो. मनगट हलविण्यात कसलेही कारण नाही, कसलीही निवड नाही. खरा निश्चय त्या माणसाने प्रयोगास बसण्याचे कबूल केले तेव्हाच झाला होता. शिवाय ती अर्ध्या सेकंदाची तयारी म्हणजे पुष्कळशी मेंदूतील यदृच्छेची चढउतार असावी, असे २०१२ नंतर काही शास्त्रज्ञ मांडू लागले आहेत. एक गोष्ट मात्र खरी, की सुटलेली आज्ञा परत घेण्यास मर्यादा आहे. हालचाल सुमारे पंचमांश सेकंदावर येऊन ठेपली की ती थांबविणे मनाच्या हाती राहत नाही, असे बर्लिनमधील प्रयोगांत २०१६ मध्ये आढळले. बाण सुटल्यावर उपाय नाही हे आपण म्हणतोच; बाण धनुष्यावर असतानाच तो सुटलेला असतो, एवढी ह्यात भर.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. असे असेल तर जो तो आपल्या मज्जातंतूंवर हवाला ठेवील. रिंगरोडवर मनुष्य चिरडणारा चालक म्हणेल, माझ्या मेंदूस वेळ मिळाला नाही. त्यास आमचे उत्तर असे, की त्याचे म्हणणे कदाचित अक्षरशः खरे असेल, आणि तरीही तो सुटत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक जाते. ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीचे हे अंतर आहे. हा हिशोब त्याला ठाऊक होता, किंवा परवाना घेताना ठाऊक असणे त्याचे कर्तव्य होते. वेग त्याने स्वतः, पुरेसा वेळ असताना, निवडला. हातातील दूरध्वनीवर नजरही त्यानेच टाकली. मर्यादेच्या ज्ञानाने दोष कमी होत नाही, तो क्षणभर मागे सरकतो, जेथे मन अजून जागेवर होते तेथे. आपल्या मेजापुढे अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचे बोलणे पुरते होण्याआधीच ‘इल्ल’ म्हणून मोकळ्या होणाऱ्या जिभेचेही तेच. ती जीभ त्या क्षणी आवरणे कठीण असेल. पण कन्नड शिकताना हाच एक शब्द प्रथम तयार का झाला, ह्याचे उत्तर देण्यास आपणांस अनेक वर्षे मिळालेली असतात.

चालकाच्या बाबतीत वेग निवडणारा आणि हात हलविणारा एकच आहे. जेथे ते दोघे निरनिराळे असतात तेथे प्रश्न खरा अवघड होतो, आणि तेथेच तो आमच्या वसाहतीत येतो. पत्र्याचे तुकडे कापण्याची प्रेस असते. कामगार पत्रा साच्यावर ठेवतो, पायाने पेडल दाबतो, वरून ठोका येतो, तो तुकडा काढतो आणि दुसरा ठेवतो. दिवसातून हजारो वेळा. काही दिवसांत हात आणि पाय ह्यांची एक माळ गुंफली जाते, तबल्याच्या बोलासारखी. ती गुंफली गेली नाही तर ठरलेले नग पुरे होत नाहीत. मग केव्हातरी एक तुकडा साच्यात वाकडा बसतो. डोळा ते पाहतो, मन हाताला दुरुस्तीची आज्ञा देते, हात आत जातो. परंतु पायाची आज्ञा माळेबरोबर आधीच सुटलेली असते. ती परत बोलावण्यास लागणारा पंचमांश सेकंद शिल्लक नसतो. जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये तर एकदा फेरा सुरू झाला की तो पुरा झाल्यावाचून यंत्रही थांबत नाही. हा अपघात नवशिक्याचा असेलच असे नाही. नवशिका पाहून-पाहून पेडल दाबतो. ज्याचा हात बसला आहे त्याच्यावर हे संकट येऊ शकते. आणि नंतरच्या कागदावर कारण म्हणून एक शब्द लिहिला जातो: निष्काळजीपणा.

कायद्याने हा शब्द पुष्कळ आधी नाकारला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात मालकास भरपाईतून सुटण्याच्या ज्या थोड्या वाटा ठेवल्या होत्या, त्यांत कामगाराची साधी बेसावधगिरी नव्हती. नशा, सुरक्षिततेसाठी दिलेल्या स्पष्ट आज्ञेचा बुद्धिपुरस्सर भंग, आणि सुरक्षेचे साधन बुद्धिपुरस्सर काढणे किंवा झुगारणे, एवढ्याच त्या वाटा. आणि मृत्यू घडला असेल तर त्याही बंद. ‘बुद्धिपुरस्सर’ हा शब्द घालणाऱ्यांनी मज्जातंतूंचे प्रयोग वाचले होते की नाही, आम्ही सांगू शकत नाही. पण बुद्धी जेथे पुढे असते आणि जेथे ती मागे राहते, ह्यांतील भेद त्यांनी बरोबर पकडला होता. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राचे धोक्याचे भाग आवरणात ठेवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. यंत्रशास्त्रज्ञांनी तर हिशोबच मांडून ठेवला आहे. माणसाचा हात पुढे जाण्याचा वेग ते सेकंदास १.६ मीटर धरतात. यंत्र थांबण्यास पाव सेकंद लागत असेल, तर हाताची चाहूल घेऊन यंत्र थांबविणारा प्रकाशाचा पडदा साच्यापासून निदान ४० सेंटिमीटर दूर हवा. ह्या हिशोबात ‘सावध राहा’ ह्या उपदेशास एक सेंटिमीटरही दिलेला नाही. तरी भिंतीवर तो उपदेश रंगविलेला असतोच. रंग स्वस्त असतो.

राहता राहिला कामगाराने स्वतः आवरण काढून ठेवण्याचा प्रकार. ही कृती निमिषातली नव्हे. सकाळी पाने घेऊन शांतपणे चार नट सोडवावे लागतात. येथे बुद्धी पुरती पुढे असते, आणि कायद्याचा शब्द येथे लागू पडतो. परंतु तो आवरण का काढतो, हे विचारावे. आवरणासह काम केल्यास तासाला नग कमी निघतात, आणि मजुरी नगावर असते. नगाचा दर आणि दिवसाची संख्या ही ठरविणारा मनुष्य प्रेसपुढे बसत नाही. तो खुर्चीवर बसून, चहा घेत, हवा तेवढा वेळ घेऊन ते आकडे लिहितो. त्याच्या कृत्यात मज्जातंतूंची कोणतीच अडचण नसते. आम्हीही आमच्या कचेरीत निविदा उघडतो, सर्वांत कमी दराखाली रेघ मारतो, आणि तो दर कोणत्या वेगाने निघाला असेल हा रकाना त्या तक्त्यात नसतो.

दोन हातांनी चालणाऱ्या प्रेस आता पुष्कळ ठिकाणी आल्या आहेत. पेडल काढून टाकून दोन बाजूंस दोन बटणे बसवितात. दोन्ही तळहातांनी ती एकदम दाबल्यावाचून ठोका येत नाही, म्हणून ठोक्याच्या वेळी हात साच्यात असूच शकत नाहीत. सुरुवातीच्या यंत्रांत एक बटण दोरीने किंवा पाचर मारून कायमचे दाबून ठेवण्याची युक्ती लोकांनी काढली, कारण तेवढ्याने नग वाढत. म्हणून नव्या यंत्रांत असे केले आहे, की दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकामागोमाग दाबली गेली पाहिजेत, आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सोडली गेली पाहिजेत; नाहीतर यंत्र जागचे हलत नाही. बांधून ठेवलेल्या बटणावर ते चालत नाही. जुन्या प्रेसला ही जोडणी करून घेता येते. तिचा खर्च कोणाच्या नावे टाकावयाचा, एवढेच ठरावयाचे असते.